कुकरातलं पाणी

सुंदररावांच्या पॉलिमरने वितळायला साफ नकार दिला.

अंबाजोगाईच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवत आणि नऊ वर्षं पीएच.डी. करत होते. त्यांना असं पॉलिमर बनवायचं होतं, जे तापल्यावर पातळ होईल, पण आतले रेणू रांग सोडणार नाहीत. त्याच्या रेणूंच्या लांब साखळीला मधूनमधून सोडियमचे आयन लावलेले. वितळून वाहतानाही ते पोलरायझरच्या सूक्ष्मदर्शकाखाली रंगीत चमकलं, म्हणजे रांग शाबूत, की झालं. शनिवारी गाइड बघायला येणार होते आणि मुदतवाढ संपली होती.

इथे पॉलिमरची पूड तापवली तरी ढेकळासारखी बसलेली. ती ज्या पाण्याने धुतली होती, ते त्यांनी तपासलं. कॅल्शियमच कॅल्शियम! सोडियमला हटवून कॅल्शियम एकाच वेळी दोन साखळ्यांना धरून बसतो. मग वितळणार कोण?

"सिदू, डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनमध्ये काय हाय?"

निवृत्तीला आलेला शिपाई सिदू म्हणाला, "टँकरचं."

"अन् शुद्ध?"

"दूध संघाच्या चेअरमनच्या जीपमधी. बॅटरीला पायजे व्हतं. संघात दूध न्हाई, पर जीप चालाया पायजे ना! रिकामा कॅन बघून तुमी वरडला असता, म्हणून भरून ठिवला."

"माझी नऊ वर्षं बॅटरीत वतली बे तू!"

"समदी न्हाई, सर. निम्मी पूड धुवायची हाय की."

कॉलेजचं शुद्ध पाण्याचं यंत्र बाटलीभर पाण्यासाठी पिंपभर पाणी गटारात सोडायचं. दुष्काळात प्राचार्यांनी त्याला कुलूप घातलं होतं.

सुंदरराव घरी आले. ओट्याखाली बायकोचा, सत्यभामेचा कुकर होता. ती चैत्रात गेली. मागे एकदा त्यांनी कुकर मागितला, तेव्हा म्हणाली होती, "तुमच्या त्या रसायनाच्या इखाला माझं भांडं न्हाई. इतक्या वर्षांत येक पदवी शिजंना, ती काय कुकरात शिजणार?"

त्यांनी कुकर उचलला.

शिट्टीच्या जागी नळी बसवली, नळीला ओलं गोणपाट गुंडाळलं. कुकरात टँकरचं पाणी उकळून वाफेचं पाणी बाटलीत धरलं. पहिल्या बाटलीला वरणाचा वास आला. ती सिदूने चहाला नेली. पाचवी स्वच्छ निघाली. त्या पाण्याने त्यांनी उरलेली पूड धुतली.

शनिवारी पूड वितळली आणि चमकली. गाइड बराच वेळ डोळा लावून होते.

"पाणी कुठलं वापरलंत?"

"घरचं."

संध्याकाळी सुंदररावांनी कुकर राखेने दोनदा घासला आणि वास घेऊन पाहिला. सत्यभामा ओळखेल की काय, या धाकाने. मग आठवलं, आता तपासायला कोणी नाही.

त्यांनी तो तिसऱ्यांदा घासला.