सांगायचं नाही, विचारायचं

आमच्या पंथाच्या मंडळींत अंथरुणातून उठायची घाई नसते. डोळे उघडले की आधी कालचा दिवस आठवायचा. काल उठल्यावर पहिला शब्द कुणाशी बोललो, मग कोण आलं, काय खाल्लं, कुणावर उगाच खेकसलो, सगळं ओळीनं, एकही पायरी न गाळता. मगच पाय जमिनीला लावायचा. बेचाळीस वर्षं मी आणि माझे यजमान तिमारेतोस शेजारी शेजारी पडून हे करत आलो. नवी नवरी होते तेव्हा मला वाटायचं, कुठल्या खुळ्यांच्या घरात येऊन पडले! माझ्या माहेरी लोक उठून आधी शेळ्यांची धार काढायचे.

पण सवय लागली. पुढंपुढं तर ती दिवसातली माझी सगळ्यात आवडती वेळ झाली. हे एक सांगायचे, मी पुढचं सांगायची, आणि कुणी एखादी गोष्ट गाळली की दुसऱ्यानं नुसतं विचारायचं, "आणि त्याच्या आधी?" एवढंच विचारायचं. काय राहिलं ते सांगायचं नाही.

कारण यांचं सगळं आयुष्य त्या एका गोष्टीवर उभं होतं. आमच्या तारास शहरात भूमिती शिकवणारे पुष्कळ आहेत, पण हे कधी 'शिकवतो' म्हणाले नाहीत. माणूस नवं काही शिकतच नाही, जीवानं जन्मोजन्मी पाहिलेलं सगळं त्याच्यापाशी असतं, जन्मताना तो ते विसरतो, आणि कुणी नीट विचारलं की पुन्हा आठवतं, असं यांचं म्हणणं. उत्तर सांगितलंत तर ते उसनं. त्याच्या तोंडून आलं तर त्याचं. हे वाळू पसरलेलं ताट पुढ्यात घेऊन बसायचे, बोटानं एक रेघ ओढायचे आणि विचारायचे. भल्याभल्यांना घाम फुटायचा, पण शेवटी उत्तर त्यांच्याच तोंडून यायचं.

दोन वर्षांपूर्वी हेच एका सकाळी कालचं रात्रीचं जेवण विसरले. "आणि त्याच्या आधी?" मी विचारलं. हे हसले, म्हणाले, "म्हातारा झालो गं." मग जेवणं गेली. मग भेटलेली माणसं गेली. पुढं अख्खे दिवसच जायला लागले. गेल्या हिवाळ्यात यांनी विचारलं, "अगं, अगेमोन अजून उठला नाही का?"

अगेमोन आमचा मुलगा. एकुलता एक. अकरा वर्षांपूर्वी लोकरीचे गठ्ठे घेऊन निघालेल्या गलबतावर गेला आणि खाडीच्या तोंडाशीच ते गलबत उलटलं. एकोणीस वर्षांचा होता. तिसऱ्या दिवशी कोळ्यांनी त्याला किनाऱ्यावर आणून ठेवला, तेव्हा मी त्याला वहाणेच्या पट्ट्यावरून ओळखलं. तो पट्टा मीच शिवला होता.

मी तोंड उघडणार तेवढ्यात फिंतोन आडवा आला. फिंतोन यांचा सगळ्यात लाडका शिष्य, तिशीतला, दाढी राखलेला, रोज सकाळी यांना हात धरून उठवायला यायचा. त्यानं मला अंगणात नेलं.

"आई, सांगू नका. तुम्ही सांगितलंत तर ते त्यांच्यात कोंबल्यासारखं होईल. विचारा. त्यांच्यापाशी सगळं आहे."

"अरे बाबा, पोर मेलंय त्यांचं."

"म्हणूनच. तेसुद्धा त्यांच्यापाशीच आहे. तुम्हाला गुरुजींचा नियम मी सांगायचा का?"

नियम म्हटला की तो पाळायचाच. मी आत गेले आणि विचारायला बसले. "तुम्ही त्याला शेवटचं कुठं पाहिलं?" "बंदरावर." "तो काय करत होता?" "गठ्ठे चढवत होता." "मग गलबत कुठं गेलं?" असं करत करत मी यांना पायरी पायरीनं त्या किनाऱ्यापर्यंत नेलं. तिथं पोचल्यावर यांच्या तोंडून उत्तर आपोआप आलं. अकरा वर्षांपूर्वी ओरडले होते तसेच ओरडले. भिंतीवर डोकं आपटलं. संध्याकाळपर्यंत शांत झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं, "अगेमोन अजून उठला नाही का?"

त्या हिवाळ्यात मी माझा मुलगा यांच्याकडून चार वेळा मारवला. पाचव्यांदा यांनी विचारलं तेव्हा मी चुलीवर दूध आहे म्हणून पळून गेले. मग वसंतात यांनी विचारणंच सोडलं. आधी मला हायसं वाटलं. काही दिवसांनी लक्षात आलं की हे दुःख विसरले नव्हते, मुलगाच विसरले होते. आता अगेमोन एवढ्या मोठ्या जगात एकट्या माझ्यापाशी उरला होता.

आणि मग माझी पाळी आली.

ते असं झालं. शेजारची मिर्तो विस्तव मागायला आली होती. मिर्तो मासे विकते, तोंडानं फटकळ, मनानं लोणी. आमच्यात वाल खात नाहीत, त्यावरून ती चाळीस वर्षं आमची चेष्टा करतेय. हे अंगणात ताट घेऊन बसले होते. यांनी तिला हाक मारली. "ये, बस. हे बघ." वाळूत एक गोल काढला, गोलाच्या बरोबर मधोमधून आरपार एक रेघ ओढली आणि गोलाच्या कडेवर वर कुठंतरी एक बिंदू टेकवून तो रेघेच्या दोन्ही टोकांना जोडला. "वरचा हा कोपरा कसा आहे?"

"मला बाई माशाचं डोकं कुठलं नि शेपूट कुठलं एवढंच कळतं," मिर्तो म्हणाली.

"तेवढं पुरे." यांनी गोलाच्या मधोमध बोट ठेवून तिथून वरच्या बिंदूपर्यंत रेघ ओढली. "ही रेघ मोठी, की मधून या टोकापर्यंतची?"

"सारख्याच की! दोन्ही मधून कडेलाच जातात."

"मग दोन सारख्या बाजूंच्या पायाशी जे कोपरे होतात ते?"

"तेही सारखेच असणार. छपरासारखे." तिनं दुसऱ्या बाजूला पाहिलं. "अगं बाई, इकडंही तसंच! म्हणजे वरचा कोपरा एकटाच खालच्या दोघांएवढा भरतो."

"आणि तिघं मिळून?"

तिथं ती अडली. यांनी घाई केली नाही. वेगळा त्रिकोण काढला, आणखी पाच-सहा प्रश्न विचारले, पदरचं एक अक्षर घातलं नाही. शेवटी मिर्तो मांडीवर थाप मारून ओरडली, "दोन चौकोनी कोपऱ्यांएवढे! म्हणजे निम्मा वाटा वरच्याचा, तो नेमका चौकोनी! बिंदू कुठंही ठेवा, तुम्ही ठेवाल तिथं चौकोनीच!" विस्तव विसरून ती तशीच उभी राहिली. साठ वर्षांच्या त्या बाईच्या चेहऱ्यावर असा उजेड मी कधी पाहिला नव्हता. यांच्या चेहऱ्यावर तर पूर्वीचंच सगळं होतं, हुशारी, गंमत, ती एक भुवई वर करणं. मला वाटलं, आले परत! मी धावत जाऊन समोर बसले.

यांनी माझ्याकडं अदबीनं पाहिलं. "या बाई, तुम्हीही बसा. तुम्ही कुठल्या?"

मिर्तोनं माझा हात घट्ट धरला. 

फिंतोनला मी हे सांगितलं तर त्याचे डोळे आनंदानं भरून आले. "आई, कळतंय का तुम्हाला? या जन्मात चिकटलेलं सगळं गळून पडतंय. जे जीवानं बरोबर आणलं तेवढंच राहिलंय. आम्ही जन्मभर धडपडतो, ते गुरुजींना बसल्याजागी मिळालं."

"आणि मी रे? मी काय चिकटलेली धूळ?"

तो ताटातली वाळू चाळायला लागला. माणूस वाईट नाही, पण उंटावरून शेळ्या हाकतो. राग माझा त्याच्यावर नव्हताच. राग यासाठी की त्याचं बरोबर होतं. गोलाच्या कडेवरचा कोपरा यांना कुणी दिलेला नव्हता म्हणून तो कुणाला नेता येत नव्हता. मी मात्र यांना याच जन्मात मिळाले, बाविसाव्या वर्षी, एका लग्नात, ओल्या केसांनी. अगेमोनही इथंच मिळाला. आम्ही दोघं उसनी.

तरी माणसाची आशा मरत नाही. मी ठरवलं, यांच्याच रस्त्यानं जायचं. मिर्तोला कोपरा सापडतो, तर यांना मी का सापडू नये? एकदा, फक्त एकदा यांनी मला ओळखावं, 'अगं' म्हणून हाक मारावी, आणि त्या पोराचं नाव माझ्याखेरीज आणखी एकाच्या तोंडून निघावं. एवढंच मला हवं होतं. रात्रभर मी प्रश्नांची ओळ लावत पडले. सकाळी फिंतोनला दाराबाहेरच थांबवलं, यांच्या मांडीवर वाळूचं ताट ठेवलं आणि अंथरुणावरच शेजारी बसले.

"इथं एक बिंदू काढा. हा तुम्ही. हे घर कुणाचं?"

"माझं. दाराची कडी मी बसवलेली आहे."

"या घरात आणखी कोण आहे?"

यांनी माझ्याकडं पाहून दुसरा बिंदू काढला. "तुम्ही."

"मी पाहुणी आहे का?"

"पाहुणी चूल पेटवत नाही. तुम्ही मघाशी पेटवलीत." यांना गोडी लागली होती, भुवई वर गेली होती.

"मग मी दासी आहे का?"

"दासी मालकाच्या अंथरुणावर अशी बसत नाही. आणि माझ्यावर डोळेही वटारत नाही."

"बहीण?"

"बहिणीचं नाक माझ्यासारखं असतं. तुमचं नाही."

 "मग? पाहुणी नाही, दासी नाही, बहीण नाही. एका घरात, एका चुलीवर, एका अंथरुणाशी म्हातारी झालेली बाई. ती कोण?"

 यांनी दोन बिंदूंमधून एक सरळ रेघ ओढली आणि मिर्तोसारखी मांडीवर थाप मारली. "म्हणजे तुम्ही माझी बायको! दुसरं काही असूच शकत नाही. सिद्ध झालं!"

आणि माझ्याकडं पाहिलं. शाबासकीसाठी. त्या नजरेत मी कुठंच नव्हते. यांनी मला आठवलं नव्हतं, नुसतं शोधून काढलं होतं, वरचा कोपरा चौकोनी निघतो तशी मी बायको निघाले होते. उद्या सकाळी पुन्हा पहिल्या बिंदूपासून, आणि रोज बरोबरच उत्तर येणार.

"बरोबर आहे ना, बाई?"

"बरोबर," मी म्हटलं.

यांचं बोट अजून वाळूवरच होतं. रेघ त्यांना अपुरी वाटत होती. रेघेच्या वर, जरा मधोमध, त्यांनी बोट धरलं, टेकवलं नाही. "दोन टोकं झाली. आता वर तिसरा बिंदू? या दोघांना मूल आहे का?"

यासाठीच मी रात्रभर प्रश्न लावले होते. पुढचा प्रश्न जिभेवर तयार होता, 'तुम्हीच सांगा, बंदरावर कोण गठ्ठे चढवत होतं?' आठ प्रश्नांत मी यांना त्या किनाऱ्यावर उभं केलं असतं. यांनी अगेमोनलाही शोधून काढलं असतं, आणि मग पाचव्यांदा भिंतीवर डोकं आपटलं असतं, किंवा नसतं आपटलं. मांडीवर थाप मारून म्हणाले असते, 'म्हणजे मुलगा मेला! सिद्ध झालं!' या दोन्हींतलं काहीही बघायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

"नाही," मी म्हटलं. "मूल नाही."

बेचाळीस वर्षांत मी यांना सांगितलेलं ते पहिलं उत्तर. यांचा चेहरा पडला. ताट बाजूला सारून माझ्याकडं अशा नाराजीनं पाहिलं की क्षणभर वाटलं, खोटं पकडलं यांनी, आठवला पोरगा!

"असं नसतं करायचं, बाई," हे समजुतीच्या सुरात म्हणाले. "उत्तर कधी सांगायचं नसतं. विचारायचं. मला आलं असतं."

मग तळहातानं वाळू सारखी केली आणि मला म्हणाले, आता पहिल्यापासून पुन्हा विचारा.