दादाची रंगीत तालीम

आमचा दादा शहर सुरक्षित ठेवतो. असं तो स्वतःच सांगतो, दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी तरी ऐकलेलं नाही. परदेशात जाऊन आपत्तीचं शिकून आला आणि स्मार्ट सिटीच्या कंट्रोल रूमचा मुख्य झाला. भिंतभर पडदे, चौकाचौकात कॅमेरे, नदीकाठी भोंगे. बडा घर पोकळ वासा! मी तिथेच फोन घेते. सख्खी बहीण, पण त्याला ‘सर’ म्हणायचं. सर म्हणे, डोंबल!

पाहुणे आले की रंगीत तालीम. भोंगा वाजला की नदीकाठच्या वस्तीने शाळेकडे धावायचं आणि पाहुण्यांनी माना डोलवायच्या. आई त्याच वस्तीत राहते, गुडघ्यांनी बेजार. म्हणून दादा सकाळीच तिला सांगून ठेवायचा, “आज भोंगा वाजेल. तू घरातच बस.” मग पाहुण्यांसमोर, स्पीकरवर, “आई, पाणी आलंय, बाहेर पड!” तीही “निघाले रे बाळा” म्हणायची आणि खुर्चीत बसून भाजी निवडायची. पाहुणे गहिवरायचे.

त्या दिवशीही सकाळचा फोन झाला होता. पाहुणे खोलीत शिरले आणि तिकडे धरणाचे दरवाजे उघडावे लागले. भोंगा आपोआप वाजला. पडद्यावर नदी काठ सोडत होती आणि पाहुणे टाळ्या वाजवत होते.

मी आईला फोन लावला. “अगं ऊठ, खरंच पाणी आलंय.”

“तुझं आपलं काहीतरीच! दादाने सांगितलंय मला. त्याच्या कामात मोडता घालू नकोस.”

मी दादाला गाठलं. “तूच सांग तिला. तालीम नाही म्हणावं, सगळ्यांसमोर सांग.”

तो पाहुण्यांकडे बघून हसला आणि माझ्या कानाशी पुटपुटला, “जरा थांब. पाहुणे घाबरतील.”

पाहुणे घाबरतील! माझं डोकंच फिरलं. आई अजून फोनवरच होती; स्पीकर लावून फोन थेट त्याच्या तोंडाशी धरला. तेवढ्यात पडद्यावर आमची गल्ली दिसली, पाणी पायरीला लागलं होतं. तेव्हा कुठे साहेबांचा आवाज फाटला.

“आई, खरंच पाणी येतंय गं! पाया पडतो तुझ्या, बाहेर पड!”

“निघाले रे बाळा,” आई म्हणाली. मग हळूच, “आज किती छान बोललास. अगदी खरं वाटलं.”

फोन ठेवला तो ठेवलाच. पुन्हा उचलला नाही.

शेजारच्या शिंप्याने दार फोडलं आणि छातीभर पाण्यातून तिला पाठुंगळी आणलं, म्हणून वाचली. आम्ही शाळेत पोचलो तर कोपऱ्यात घोंगडी पांघरून कुडकुडत बसली होती. दादा समोर जाऊन उभा राहिला, मान खाली. आता तरी हा तोंड उघडेल, चुकलो म्हणेल, असं मला वाटलं.

आईने त्याचा हात हातात घेतला. “माझ्यामुळे घोळ नाही ना झाला? पाहुणे खूश झाले ना रे?”

“हो आई,” तो म्हणाला. “खूप खूश झाले.”