प्रत्येक पानाची शेवटची ओळ

बाइंडरबाईंचे नेम इतके होते की वहिनीला एक पाठ होईपर्यंत दुसरा सुरू झालेला असायचा. पहाटे आंघोळ, पोथीचा एक अध्याय, मग देऊळ, मग दुकान. जेवण एकदाच. आणि काही झालं तरी खोटं बोलायचं नाही. एवढं घराच्या अंगवळणी पडलं होतं. पण चार महिन्यांपूर्वी बाईंनी मीठ सोडलं, तेव्हा वहिनीनं न राहवून विचारलं, की आता हे कशासाठी? बाई म्हणाल्या, "एकाचं वाटोळं व्हावं म्हणून." आवाज नेहमीसारखाच मऊ होता, त्यामुळे वहिनीला ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती.

पुस्तकं बांधायचं दुकान दोघांचं होतं. बाईंचे वडील आणि चाचा यांनी मिळून ते काढलं आणि वडील गेल्यावर त्यांच्या जागेवर बाई बसल्या. शिवण बाईंची, कातडं आणि सोनेरी अक्षरं चाचांची. बाई हिंदू, चाचा मुसलमान, गिऱ्हाईकं दोन्हीकडची. जुनी पोथी असो की जुनं कुराण, दोरा दोघांचाही सारखाच कुजतो. हात धुतल्याशिवाय दोघंही कुठल्याच ग्रंथाला शिवत नसत. ग्रंथ ठेवायला भिंतीवर दोन फळ्या होत्या. कोणाची वर नि कोणाची खाली हा वाद नको म्हणून चाचांनी पाण्याची बाटली आडवी धरून दोन्ही एका उंचीवर ठोकल्या होत्या. तरी बाईंचे वडील अधूनमधून म्हणायचे, की तुमची जराशी वर आहे हं. चाचा म्हणायचे, की जमीन तुमच्या बाजूला खचली आहे, त्याला मी काय करू. हा विनोद तीस वर्षं चालला आणि दोघांनाही दर वेळी नव्यानं हसू येत असे.

मग शहरात दंगल झाली. भर दुपार होती आणि बाई आरतीसाठी पुन्हा देवळात गेल्या होत्या. दुकानाच्या मागच्या दाराची कडी फटीतून पट्टी सरकवली की उघडते, हे त्या दोघांखेरीज एकालाच ठाऊक होतं. तो म्हणजे समोरचा कागदवाला, वीस वर्षं त्याच दारानं कागदाची रिमं आणून टाकणारा. जमाव त्या दारानं आत आला. बांधलेलं पुस्तक दाबून ठेवायला लोखंडी शिकंजा असतो, त्यात चाचांचा उजवा हात घातला आणि कोणीतरी वरचा दांडा फिरवला. बाई धावत आल्या तेव्हा कागदवाला पायरीवर उभा राहून रुमालानं बोटं पुसत होता. बोटांना काळं ग्रीस लागलं होतं. तसं ग्रीस त्या दुकानात एकाच ठिकाणी होतं, शिकंज्याच्या आट्यांना.

"बघा बाई, लोकांनी काय करून ठेवलं," तो म्हणाला.

बाईंनी पोलिसांना कडी सांगितली, ग्रीस सांगितलं. पोलिसांनी चाचांना विचारलं. चाचा दवाखान्यातल्या खाटेवरून म्हणाले, की अंधार होता, चेहरे दिसले नाहीत. दुपारचा दीड वाजलेला होता. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, चाचांकडे पाहिलं आणि अंधार लिहून घेतला. पुढे शांतता समिती नेमली गेली. तिच्या पत्रकांना लागणारा सगळा कागद कागदवाल्यानं फुकट दिला आणि सभेत त्याला पहिल्या रांगेत बसवलं.

बाई मुंगी दिसली तरी पाऊल लांब टाकणाऱ्या. कोणाला मारणं त्यांच्या हातून होणारं नव्हतं. म्हणून त्यांनी ते काम देवावर सोपवलं आणि तपशील मात्र स्वतः पुरवले. अध्याय संपला की त्या हात जोडून सांगायच्या: त्याच्या गोदामाला वाळवी लागू दे. रिमं वरून धड दिसोत आणि आतून पोकळ होवोत. त्याचा हात लुळा पडू दे. उजवाच. एखाद्या दिवशी सांगायचं राहिलंच तर देवळातून परत फिरून त्या पुन्हा सांगून यायच्या.

अशात एक दिवस कागदवाल्याची बायको दुकानात आली. फरशीकडे बघतच तिनं पिशवीतून एक जाडजूड पोथी काढली. पोथी तिच्या सासऱ्यांची होती. सासरे दोन वर्षं वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेले, नजर गेल्यात जमा, पण रोज भिंग लावून चार पानं वाचल्याशिवाय घोटभर पाणी घेत नसत. आता पोथीची पाठच तुटली होती आणि म्हातारबुवांनी हट्ट धरला होता, की बांधायला जाईल ती त्याच दुकानात. चाचांचं त्यांना काही माहीत नाही, असं ती हळूच म्हणाली. थोडी गडबड झाली, एवढंच त्यांच्या कानावर घातलंय.

बाई म्हणाल्या, "ठेवा. आठ दिवसांनी या."

त्यांनी हात धुतले, जुना दोरा उसवला, पानांचे एकेक गठ्ठे, म्हणजे फर्मे, सुटे केले आणि नव्यानं शिवले. शिवण इतकी सुरेख उतरली की त्यांना स्वतःचाच राग आला. राहिली होती छाटणी. जुन्या पुस्तकाच्या कडा खडबडीत झालेल्या असतात, त्या मशीनवर केसभर छाटल्या की सारख्या होतात. केसभरच. बाईंनी मशीनची खालच्या बाजूची पट्टी बोटभर आत सरकवली.

म्हातारा वाचेल. पान संपेल आणि शेवटची ओळ नसेल. पान उलटेल, तिथंही नसेल. मग मुलाला हाक मारेल, की अरे, हे काय झालं? आणि मुलाला पाहताक्षणी कळेल कोणी केलं आणि का केलं, पण बापाला सांगता यायचं नाही. रोज कळेल, पानागणिक कळेल आणि रोज गिळावं लागेल.

बाईंनी सुरी उतरवली. कागदाच्या पट्ट्यांचा एक ठोकळा खाली पडला आणि फुटून पसरला. त्यांनी तो झाडून कातरणीच्या टोपलीत भरला. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना बरं वाटलं. बरं वाटलं म्हणजे अगदी भूक लागल्यासारखं वाटलं.

चाचा दुपारची नमाज आटोपून दुकानात यायचे. उजवा हात आता पंजासारखा राहिला नव्हता, त्यामुळे ते डाव्या हातानं खळ ढवळायचे, गिऱ्हाइकांशी बोलायचे, बाईंच्या शिवणीला नावं ठेवायचे. त्या दिवशी ते स्टुलावर बसले ते टोपलीकडे बघतच राहिले. समास छाटला तर कातरण कोरी निघते. हिच्यावर अक्षरं होती. चाचा स्टुलावरून उतरले, खाली मांडी घालून बसले आणि डाव्या हातानं एकेक पट्टी वेचून मांडीवर ठेवू लागले.

"कोणाची?" त्यांनी विचारलं.

"समोरच्या थोरल्यांची."

"हात चुकला?"

इथं 'हो' म्हटलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं. "नाही," बाई म्हणाल्या.

चाचा वेचत राहिले. ते पाहवेना, तेव्हा बाईंनी आपण होऊनच सगळं सांगून टाकलं. मीठ सांगितलं, वाळवी सांगितली, उजवा हात सांगितला. आवाज चढला नाही, फक्त थांबता येत नव्हतं.

"म्हणजे देवाला सुपारी दिलीस," चाचा म्हणाले.

"आणि तुम्ही? दिवसातून पाच वेळा उभे राहता. त्याच्यासाठी काय मागता?"

"त्याचं नाव मी तिथं काढतच नाही, बेटा. काढलं तर तोंडातून काय निघेल, याचा मला भरवसा नाही."

हे ऐकून बाईंना जवळजवळ आनंद झाला. इतके दिवस त्यांना वाटत होतं की चाचांनी माफ करून टाकलं आणि राग एकट्या आपल्या गळ्यात टाकला. मग पोलिसांपुढे भर दुपारी अंधार कशाला पाडलात, असं त्यांनी विचारलं.

तेव्हा चाचांनी जे कधीच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. त्यांचं नवं लग्न झालं होतं, त्या साली अशीच एक दंगल झाली होती. समोरच्या थोरल्यांनी, म्हणजे कागदवाल्याच्या वडिलांनी, चाचांना, त्यांच्या बायकोला आणि म्हाताऱ्या आईला अकरा दिवस कागदाच्या गोदामात रिमांच्या मागे लपवलं. सहाव्या दिवशी जमाव दारात आला. थोरले दारात आडवे उभे राहिले. शब्दाचे पक्के म्हणून माणूस गावभर ओळखला जायचा. लोकांनी सांगितलं, की शपथ घ्या. थोरल्यांनी आतून पोथी मागवली, तिच्यावर हात ठेवला आणि देवाला साक्षी ठेवून सांगितलं, की गोदामात कोणीही नाही. जमाव परत गेला. नंतर प्रायश्चित्त म्हणून थोरले वर्षभर एक वेळ जेवले. हेही त्यांनी सांगितलं नाही, त्यांच्या बायकोकडून चाचांच्या बायकोला कळलं.

"हीच ती पोथी," चाचा म्हणाले. "माझ्यासाठी देवाची खोटी शपथ घेतली त्यानं. आता त्याचे डोळे मिटेपर्यंत त्याच्या पोरानं काय केलं ते त्याला कळता कामा नये. म्हणून पाडला अंधार. हात माझा गेलाय, तेव्हा ठरवणार मी. तू तोंड उघडायचं नाहीस."

बाईंना रडू आलं नाही. आधी आला तो संताप, आणि तो चाचांवर. आपण वर्षानुवर्षं जपलेलं खरेपण या दोन म्हाताऱ्यांनी एकेका खोट्यानं पार लहान करून टाकलं होतं. मग त्यांना आठवलं, की ती पट्टी सरकवण्याआधी आपण हात धुतले होते. ते मात्र फार लागलं.

"पानं एकशे चव्वेचाळीस, तेवढ्याच पट्ट्या भरायला हव्यात," चाचा म्हणाले. "मोज."

एकशे बेचाळीस भरल्या. दोन मशीनच्या पायाखाली सापडल्या. दिवेलागणीपर्यंत दोघांनी मिळून त्या ओळीनं लावल्या. चाचा ओळ वाचत आणि बाई पान शोधत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्याय झाला, बाईंनी हात जोडले आणि मागायला काही सुचेना. मीठ मात्र सोडलेलंच राहिलं. पोथी, पट्ट्या, खळीची वाटी आणि जोडायला लागणारा जाळीदार पातळ कागद घेऊन त्या समोरच्या घरी गेल्या. दार कागदवाल्यानंच उघडलं. बाईंना बघून त्याचा चेहरा उतरला. बाई म्हणाल्या, "तुमच्या वडिलांकडे काम आहे. वाटी धरायला कोणीतरी लागेल." बाईंना बापाजवळ एकटं सोडायची त्याची छाती नव्हती. तो वाटी घेऊन मुकाट्यानं मागोमाग जिना चढला.

थोरले खिडकीजवळ उशांना टेकून बसले होते. पोथी आली म्हणून त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बाईंनी ती त्यांच्या हातात दिली नाही.

"आजोबा, मी तुमची पोथी कापली. प्रत्येक पानाची शेवटची ओळ."

थोरल्यांना वाटलं मशीनच बिघडलं. जुनं झालं असेल, असं ते समजुतीनं म्हणाले.

"मशीन चांगलं आहे. मी मुद्दाम कापली. रागानं."

"माझ्यावर राग?"

"नाही."

"मग कोणावर?"

वाटी कलंडली. खळीची धार चादरीवर ओघळली. बाईंनी मान न वळवता सांगितलं, "वाटी सरळ धरा."

दोन शब्द पुरले असते. 'तुमच्या मुलावर.' चार महिने अळणी जेवून जे मिळालं नव्हतं ते आता ओठाशी येऊन थांबलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं, त्यानं कुठलाच नेम मोडत नव्हता. मागे कागदवाल्याचा श्वास ऐकू येत होता. आयुष्यात इतकं लक्ष देऊन त्यानं कोणाचं बोलणं ऐकलं नसेल. बाईंनी त्याला तसंच ऐकत ठेवलं. गरजेपेक्षा जास्त वेळ ठेवलं.

"मी खोटं बोलत नाही, आजोबा," शेवटी त्या म्हणाल्या. "आणि खरं बोलायला चाचांनी मला बंदी केली आहे. तेव्हा विचारू नका."

म्हाताऱ्यानं भिंग उचललं. ते पोथीकडे नेलं नाही. मुलगा जिथं उभा होता तिकडे धरलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. त्यातून त्यांना काय दिसलं कोण जाणे, फार तर एक पुसट आकार.

"तो स्वतः का नाही आला?" त्यांनी विचारलं. "सोनेरी अक्षरं तर तोच करतो."

म्हाताऱ्यानं भिंग खाली ठेवलं. "उद्या त्याला इथं घेऊन ये," ते मुलाला म्हणाले. "गडी पाठवू नकोस. तू जा."

बाईंनी पहिलं पान पुढे घेतलं. कापलेल्या कडेला कड भिडवली, अक्षर अक्षराच्या रेषेत आणलं, वरून पातळ कागदाची चिंधी डकवली आणि बोटानं दाबून धरली. एका पानाला अर्धा तास गेला. दुकानात बसून दिवसाला दहा झाली असती. पण बाईंनी सांगून टाकलं, की पोथी घराबाहेर जाणार नाही, रोज एकच पान होईल आणि वाटी यांनीच धरायची. थोरले म्हणाले, की चालेल, मला तरी कुठं जायचंय.

बाई खाली उतरल्या. कागदवाला त्यांच्या पाठोपाठ जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत आला. त्याच्या बोटांवर खळ वाळून पांढरी झाली होती.

"बाई, मी काय सांगू त्यांना?" त्यानं खालच्या आवाजात विचारलं. "काय तोंडानं बोलवू?"

बाईंनी आधी चपला घातल्या, मग वर पाहिलं. आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

"ते तुमचं तुम्ही ठरवा. पण जरा लवकर जा. कोणाकडे जायचं म्हटलं की चाचा धुतलेला शर्ट घालतात आणि एका हातानं त्यांना गुंड्या लावता येत नाहीत. एरवी सून लावते. उद्या लावू नकोस म्हणून मी तिला सांगून ठेवते. त्या तुम्ही लावायच्या. खालपासून गळ्यापर्यंत, सगळ्या."