पेडल अजून मऊच

लढाई संपून वर्ष झालं होतं आणि नगरच्या छावणीतलं लष्करी सामान लिलावात निघत होतं. कोणी तंबू आणले, कोणी पत्र्याच्या पेट्या आणल्या. आमच्या ह्यांनी ब्रेक आणले.

गाडी मिशनच्या साहेबांची. मायदेशी परतताना ते ती ह्यांच्या गळ्यात घालून गेले. तिचे ब्रेक सळ्यांचे; दाबले की गाडी विचार करून थांबायची. म्हणून मग चारही चाकांना लष्करी गाडीचे, तेलावर चालणारे ब्रेक. बन्सी मेकॅनिकनं ते बसवले आणि उसाच्या हंगामाला ट्रक हाकायला तो कोपरगावला निघून गेला. मागे राहिलं एक मऊ पेडल. पाय ठेवला की कणकेच्या गोळ्यात ठेवल्यासारखा आत जायचा.

रविवारी तिसगावच्या देवळात आमच्या लीनाचा बाप्तिस्मा होता. तिसगावला जायचं म्हणजे करंजीचा घाट उतरायचा. शुक्रवारी मी सांगून टाकलं, "पेडल असं असेल तर मी लीनाला घेऊन गाडीत बसणार नाही."

"अगं, लागतो की ब्रेक! बघ." हे सीटवर बसले, पाय मारला. "टणक आहे."

मी बघत होते. पाय एकदा नाही, तीनदा मारला होता. पहिला थेट फळीपर्यंत गेला, दुसरा अर्ध्यावर, तिसरा टणक.

"आणि घाटात समोर बैलगाडी आली, तर तिला सांगायचं का, थांब बाई, अजून दोनदा मारायचाय?"

"दीना, तू फार घाबरतेस."

हो, घाबरते. सहा महिन्यांचं मूल मांडीवर घेऊन घाट उतरायचा असेल तर कोणीतरी घाबरायला नको का?

संध्याकाळी शेजारचे काकासाहेब आले. त्यांनीही बसून तीन-चारदा पाय मारला आणि, "फर्स्टक्लास!" म्हणाले. जो येई तो तसंच करी आणि तेच म्हणे. पहिला पाय कुठे जातो, हे बघायला कोणी तयार नाही. पेरू न कापता नुसता हातात दाबून परीक्षा करावी तशी ह्या मंडळींची परीक्षा.

शनिवारी सकाळी बापलेक पुन्हा कामाला लागले. नळ्यांत हवा राहिली आहे, ती काढायची, एवढं बन्सी सांगून गेला होता. मामंजी, म्हणजे अब्राहाम मास्तर, स्टिअरिंगपाशी बसून पेडल दाबून धरायचे. हे चाकामागचा छोटा स्क्रू सैल करायचे. रबरी नळीतून तेल आणि बुडबुडे मुरंब्याच्या बरणीत यायचे. स्क्रू आवळला की हे ओरडायचे, "सोडा!"

काम बरोबर चाललं होतं. चारही चाकं झाली. पेडल मऊच. पुन्हा चारही. मऊच. ह्यांच्या नाकाला काळं लागलेलं, आणि मामंजींचा गुडघा धरलेला.

"गिदोन, तुझ्या हातून होणार नाही हे," मामंजी म्हणाले.

"तुम्हीच मधे सोडता पाय!"

"मी? चाळीस वर्षं पायपेटी वाजवली आहे मी, पाय कधी सोडायचा मला सांगतोस?"

लीनाला दूध पाजायला मी ओट्यावर बसले. डब्याच्या पावडरीचं दूध. घुसळून केलं की वर फेस येतो, तो बसू दिल्याशिवाय बाटली तोंडाला लावायची नाही, नाहीतर रात्रभर पोटात वारा धरून पोर किंचाळते. फेस बसायची वाट पाहत मी समोर बघत होते, आणि मामंजींनी काय केलं, तर बरणी उचलली आणि त्यातलं फेसाळ तेल पायाखालच्या, ब्रेकच्या तेलाच्या टाकीत परत ओतलं. काळजीपूर्वक, थेंबही न सांडता.

"मामंजी, हे असं मघापासून करताय?"

"मग? तेल मिळतंय कुठे? टाकून द्यायचं?"

ह्या घरात काही टाकत नाहीत. वापरलेली पाकिटं उलटून पुन्हा चिकटवतात, चहाची पूड दुसऱ्यांदा उकळतात. मी कधी काही म्हटलं नाही. पण हवा काढायची, तेलात घुसळायची आणि तीच परत आत घालायची?

"अहो, त्या तेलात नुसता वारा आहे! खालून काढताय आणि वरून भरताय."

हे चाकाखालून बाहेर आले. बरणीकडे बघितलं. बारीक बारीक बुडबुडे अजून वर येत होते. मामंजी म्हणाले, "थोडं निवळू दे, मग घालू."

"उद्या निघायचंय," मी म्हटलं. लीनाला ह्यांच्या हातात दिलं, बरणी घेतली आणि तेल मागच्या उकिरड्यावर ओतून आले.

मामंजी असे बघत राहिले की जणू मी घरातलं पीठ ओतलं. दिवसभर ते माझ्याशी बोलले नाहीत. ब्रेकबरोबर आणलेल्या तेलाच्या डब्यात उरलं होतं तेवढं ताजं तेल आता पुरवायचं होतं. हे प्रत्येक चाकाशी बसले आणि नळीचं टोक बरणीतल्या तेलात बुडतंय ना, ते वाकून बघत राहिले. सगळं झालं तेव्हा डबा रिकामा होता.

मी स्वतः सीटवर बसले आणि पाय ठेवला. एकदाच. पेडल जरा खाली गेलं आणि दगडासारखं थांबलं. पुन्हा दाबलं, तिथेच थांबलं.

"आता?" ह्यांनी विचारलं.

"आता बसते. पण घाट सावकाश."

रविवारी घाट उतरताना माझाच पाय फळीवर रोवलेला होता. पोटरीत गोळे आले. तिसऱ्या की चौथ्या वळणावर कडब्यानं भरलेली बैलगाडी अगदी समोर आली. ह्यांनी पाय दाबला आणि गाडी जागच्या जागी थांबली. लीना हललीसुद्धा नाही. मामंजींनी मागून, "प्रभूची कृपा," म्हटलं.

"कृपा आणि ताजं तेल," मी म्हटलं. कालपासून पहिल्यांदाच ते हसले.

गाडीवान खाली उतरून आमच्याकडे आला. "सायेब, थांबवता लई झ्याक. पर भोंगा वाजवायचा न्हाई व्हय वळनावर? मला काय सपान पडलंय तुमी येताय म्हनून?"

भोंगा वाजतच नव्हता. गेल्या आठवड्यात ब्रेक बसवताना त्याची तार तुटली होती, आणि हे कोणी मला सांगितलं नव्हतं.

"छावणीत परवा एक भोंगा बघितला मी," हे उत्साहानं म्हणाले. "ट्रकचा. आवाज असा की..."

"आधी घाट उतरा," मी म्हटलं. काच खाली करून डोकं बाहेर काढलं आणि उरलेल्या प्रत्येक वळणावर मीच ओरडत गेले, "हो! हो! गाडी येतेय!"