रोज सहाला दार ठोठावणारा

मित्रांनो, मी एक जुना गेम कन्सोल आहे आणि धीर हा गुण माझ्यात मुळीच नाही. बटण दाबले की मला लगेच खेळ हवा असतो. नुसते बसवून ठेवले तर माझा पंखा घरघरायला लागतो. आता त्यात धूळ साचली आहे, त्यामुळे माझी चुळबूळ साऱ्या खोलीला ऐकू जाते. तेव्हा मी सांगताना घाई केली तर सांभाळून घ्या.

कारखान्यात माझ्या पोटात नेटवर्कशी बोलणारे दोन भाग बसवले. एक तारेचा आणि दुसरा बिनतारी, म्हणजे वायफायचा. प्रत्येकाला तिथेच आपापला कायमचा पत्ता मिळाला. बारा अंक-अक्षरांच्या या पत्त्याला मॅक अ‍ॅड्रेस म्हणतात. घर बदलले, मालक बदलला, तरी तो बदलत नाही. तारेचा पत्ता माझ्या पोटाखालच्या लेबलवर छापला गेला. वायफायचा मात्र फक्त माझ्या आत राहिला, सेटिंग्जमध्ये, दुसऱ्या ओळीवर. असे का केले ते त्यांचे त्यांना ठाऊक, पण पुढचे सगळे रामायण त्यातूनच घडले.

मी ज्या घरी आलो तिथले बाबा क्रेन चालवायचे. त्यांची धाकटी लेक, जिला सगळे बारकी म्हणत, माझ्यासमोर ठाण मांडून बसलेली असायची. तेव्हा माझे फार लाड झाले. मग तिची दहावी आली आणि मी कपाटावर गेलो. चार वर्षे मी तिथे तळमळत काढली.

एके दिवशी बाबांना पक्षाघाताचा झटका आला. डावा हात लुळा पडला आणि बोलणे अडखळू लागले. फिजिओ बाईंनी सांगितले, रोज अर्धा तास डावा अंगठा हलला पाहिजे. बाबा व्यायामाला हात लावू देईनात. तेव्हा बारकीने मला खाली काढले आणि कंट्रोलर त्यांच्या हातात दिला. खेळ होडीचा होता, दोघांनी मिळून वल्हवायची. डावे वल्हे बाबांच्या अंगठ्याकडे आणि उजवे तिच्याकडे. व्यायामाला नाही म्हणणारा माणूस लेकीची होडी बुडू नये म्हणून अंगठा हलवू लागला.

पुढे बारकीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. मामाने आपला कन्सोल बाबांसाठी घरी आणून ठेवला आणि मी तिच्या ट्रंकेतून हॉस्टेलवर गेलो. ठरले असे की रोज सहाला बाबा तिकडून वल्हवतील आणि बारकी इकडून.

हॉस्टेलच्या वायफायवर आधी एक पान उघडते आणि नाव, पासवर्ड विचारते. फोनला ते जमते, मला तसले पान उघडताच येत नाही. माझ्यासारख्यांचा मॅक अ‍ॅड्रेस कागदावर लिहून द्यायचा, मग आत घेतात. पण खालच्या खोलीत बसणाऱ्या नेटवाल्या काकांना मुलींच्या मजल्यावर येता येत नसे आणि यंत्रे खाली नेण्याची पद्धत नव्हती. अर्ज वॉर्डन बाईंच्या सहीने खाली जायचा आणि शेरा घेऊन वर यायचा. ज्याची नोंद व्हायची, त्याचे तोंड कुणी पाहत नसे.

बारकीने मला उलटे केले आणि लेबलवरचा पत्ता सुबक अक्षरांत उतरवला. दोनदा पडताळला. तिच्या खोलीत तार लावायला जागाच नव्हती आणि ती तारेचा पत्ता लिहीत होती. माझा जीव कासावीस झाला, पण घरघरण्यापलीकडे मी काय करणार? "बघ, खूश झालाय," ती खोलीतल्या मैत्रिणीला म्हणाली.

"नोंद झाली" असा शेरा आला. सहाला बारकीने बटण दाबले आणि मी वायफायचा पत्ता सांगून दार ठोठावले. परवानगी नाही. पुन्हा ठोठावले. एकदा नाही म्हटल्यावर गप्प बसणाऱ्यातला मी नव्हे. अर्ध्या तासात चाळीसदा ठोठावले, दुसऱ्या दिवशी तितकेच, तिसऱ्या दिवशीही.

तिने पुन्हा अर्ज केला, त्याच पत्त्याचा. शेरा आला, "नोंद बरोबर आहे. यंत्र जुने दिसते, बदलावे."

"दे ना भंगारात," मैत्रीण म्हणाली. "बाबांशी फोनवर बोलत जा."

"फोनवर नुसते हुं हुं करतात गं. आणि फोन उजव्या हातात धरतात."

नवव्या दिवशी आईचा फोन आला. "फिजिओ बाई येऊन गेल्या. अंगठा आत वळायला लागलाय म्हणाल्या. असंच चाललं तर पुढे उघडणं फार जड जाईल. मी कंट्रोलर दिला तर यांनी उशीखाली सारला. तुझी वाट बघतात आणि मग भिंतीकडे तोंड करून झोपतात."

बारकीने फोन ठेवला, मला कंट्रोलरसकट टॉवेलात गुंडाळले आणि जिना उतरू लागली. वॉर्डन बाईंनी अडवले. "यंत्र खाली न्यायची पद्धत नाही."

"काकांनी वर यायची पण नाही. मग या दोघांची भेट व्हायची कुठे, बाई?"

बाई बाजूला झाल्या.

काकांनी यादी दाखवली. "ही बघा ताई, नोंद आहे. पण या पत्त्यावरून आजवर कुणी आलेलंच नाही."

"असं कसं? मी रोज सहाला लावते."

"सहाला?" काका सावरून बसले. "सहाला एक भामटा येतो. दार वाजवतो ते थांबतच नाही. पाचव्या दिवशी मी त्याला कायमचा बंद करून टाकला."

हे त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितले. काकांनी मला त्यांच्या मॉनिटरला जोडले आणि सेटिंग्ज उघडली. पहिली ओळ लेबलवरचीच होती. दुसरी त्यांनी वाचली, मग बंदी घातलेल्यांची यादी काढली, पुन्हा ओळ वाचली.

"ताई," ते हळूच म्हणाले, "हा भामटा तुमचाच आहे."

सहाला दहा मिनिटे होती. काकांनी माझ्यावरची बंदी उठवली आणि दुसरा पत्ता नोंदवला. "वर नेण्यात वेळ जाईल. इथेच लावा," म्हणाले आणि आपली खुर्ची बारकीला दिली.

या वेळी मी एकदाच ठोठावले आणि आत गेलो. पाण्यावर होडी आली. डावी जागा रिकामी होती. पलीकडच्या माइकमधून आईचा आवाज आला, "आलीये ती. बघा तरी."

डावी जागा भरली. बारकी वल्हवू लागली, पण डावे वल्हे पाण्याला लागेना. होडी जागच्या जागी गरगर फिरू लागली. अकरा फेऱ्या मी मोजल्या. काकांनी हातातले काम सोडले होते. बारकी वल्हवत राहिली. बाराव्या फेरीला डावे वल्हे एकदा बुडाले. बऱ्याच वेळाने पुन्हा बुडाले. होडीची फेरी जराशी रुंद झाली.

"उशीर... केलास," पलीकडून बाबा म्हणाले.

"हो बाबा. माझं चुकलं."

मित्रांनो, तिचे एकटीचे चुकले नव्हते. मी दिवसाला चाळीसदा ठोठावले नसते, तर काकांनी मला चोर ठरवले नसते. हे मला तिथे ओरडून सांगायचे होते, पण मला तोंड नाही.

माझा पंखा आता फार दिवस काढेल असे वाटत नाही. मला काढून टाकायची वेळ येईल तेव्हा खुशाल काढा, मी रुसणार नाही. फक्त एक करा. नव्या कन्सोलचे दोन्ही पत्ते आधी खाली नोंदवून या, तो एकदा चालवून बघा, आणि मगच माझे बटण बंद करा. मध्ये एकही संध्याकाळ रिकामी जाऊ देऊ नका. बाबांचा अंगठा अजून पुरता उघडलेला नाही.