जर्मन बोलणारं बदक

इलाशी लग्न झाल्यानंतरचा निमिषचा हा पहिला नाताळ. तो मूळचा नागपूरचा, नोकरीमुळे अमेरिकेत, अर्विंगला आलेला. इला जन्मली-वाढली अमेरिकेतच, पार्सिपनी गावात. पहिल्या लग्नाची तिला आठ वर्षांची मुलगी होती, आन्या. आन्या त्याच्याशी कधी भांडली नाही की उलटून बोलली नाही. 'ओके' आणि 'नो, थँक्स' एवढ्यावर भागवायची. भांडली असती तर बरं, असं त्याला कधीकधी वाटे.

नाताळला सासुरवाडीला जायचं ठरलं आणि भेट काय न्यायची हा प्रश्न आला. इलाने मागे बोलता बोलता सांगितलं होतं, ती आणि तिचा भाऊ नकुल लहान असताना नाताळात टीव्हीवर एक कार्टून लागायचं. थव्यातून मागे राहिलेलं एक बदक आणि त्याला गोठ्यात आसरा देणारं म्हातारं गाढव. बाबांनी त्याची टेप करून ठेवली होती. पुढे मशीनने ती टेप खाल्ली आणि सगळ्यांनी मिळून बघणं बंद पडलं. निमिषने इंटरनेट पालथं घातलं, परदेशातला एक दुकानदार शोधला आणि डीव्हीडीच्या तीन प्रती मागवल्या. एक सासू-सासऱ्यांना, एक नकुलला, एक आन्याला.

वेष्टणं फाटली तशी इला किंचाळलीच. नकुलने निमिषच्या पाठीवर थाप मारली.

"अगंबाई! कुठून पैदा केलंत हे?" सासूबाई, सुनेत्राताई, म्हणाल्या.

सासरे रवी तडक उठले. भारतातल्या सिनेमांसाठी घेतलेला, कुठलीही डिस्क चालवणारा जुना प्लेअर त्यांनी बेसमेंटमधून आणला, पुसला आणि जोडला. सगळे सोफ्यावर दाटीवाटीने बसले. आन्या टोकाला.

पडद्यावर बर्फ पडू लागलं. बदक आलं, चोच उघडली आणि खणखणीत जर्मन बोलू लागलं.

"मेनू बघ, भाषा बदलता येत असेल," नकुल म्हणाला. मेनूत एकच भाषा होती. निमिषचे कान तापले. इतक्या हौसेने आणलं आणि हसं करून घेतलं! "सॉरी बाबा, मी रिटर्न करतो," म्हणत तो रिमोटकडे वळला.

"थांबा हो," रवी म्हणाले. त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला, घसा साफ केला आणि गाढव दाराशी येताच जाड आवाजात बोलले, "कोण आहे रे तिकडे? पाय पुसून आत ये!"

इला आणि नकुल एकदम ओरडले, "बाबा!"

"तुम्हाला मराठी यावं म्हणून टीव्हीचा आवाज बंद करून असंच बोलायचो मी. विसरलात?"

"गाढव तुम्ही, बदक आई!" इला म्हणाली.

"मला खोकला आहे, मी नाही बाई," सुनेत्राताईंनी हात जोडले.

बदक नुसतंच चोच हलवत राहिलं. तेवढ्यात सोफ्याच्या टोकाकडून आवाज आला, "निमिष, यू डू द डक!"

निमिष पुढे सरकला. तोंडातून निघालं ते थेट नागपूरचं. "हाव ना जी! मले तं वाटच नाही सापडून राह्यली. पंख पार गारठले!"

नकुल हसता हसता सोफ्यावरून घसरला. सुनेत्राताईंनी पदराने डोळे पुसले. रवींनी क्षणभरही न थांबता गाढवाचं उत्तर ठोकून दिलं. आन्याला अर्धंच कळत होतं, पण ती पोट धरून हसत होती. गोठ्यात कोंबडी आली तेव्हा ती म्हणाली, "आय विल डू द चिकन. आजोबा, कोंबडी मराठीत काय म्हणते?"

"तुझ्या मनात येईल ते."

कोंबडी बरंच काही म्हणाली, निम्मं इंग्रजीत. बोलता बोलता आन्या सरकत सरकत निमिषच्या शेजारी आली आणि तिचं वाक्य आलं की त्याच्या दंडाला ढोसायला लागली. तो सोफ्यावर मागे रेलला, पहिल्यांदाच.

कार्टून संपलं तसं रवींनी विचारलं, "मग, रिटर्न करताय?"

"नो वे!" आन्याने आपली प्रत उचलून मांडीखाली दाबून ठेवली.