चार बोटांचा मांडा

मित्रांनो, मला चुलीवर पालथं घालतात. इतर भांड्यांचं पोट कामाला येतं, माझी मात्र पाठ. त्या पाठीवर मांडे भाजले जातात. मी खापर आहे. वय विचाराल तर बत्तीस वर्षं. मातीच्या भांड्याला एवढं आयुष्य म्हणजे म्हातारपणच.

जळगाव जामोदच्या एका कुंभाराने मला घडवलं. सातपुड्याच्या पायथ्याची चिकण माती त्याने घोड्याची लीद कालवून मळली होती. म्हणजे भट्टीत जाण्याआधीच माझा घोड्यांशी संबंध आला. बाजारात सत्यभामाबाईंनी मला बोटाने वाजवून पाहिलं, नाद त्यांना पटला, आणि डोक्यावरच्या चुंबळीवर ठेवून त्यांनी मला गावी नेलं.

त्यांची खानावळ शर्यतीच्या मैदानाला लागून होती. दरवर्षी माघात तिथे घोड्यांच्या शर्यती होत. अकोल्याहून, बऱ्हाणपुराहून, थेट नाशिकहून माणसं येत. शर्यत एका दिवसाची, पण लोक दोन दिवस राहत. दुसरा दिवस नुसता पुन्हा मांडे खायचा, असं ते उघड बोलून दाखवत. सत्यभामाबाई कणकेचा गोळा पुरण भरून दोन्ही हातांवर झेलत. झेलता झेलता तो कोपरापर्यंत पसरे. मग त्या तो माझ्या पाठीवर इतक्या अलगद टाकत, की मला फक्त ऊब कळे, वजन कळत नसे. उपरण्यासारखी घडी घातलेला मांडा, वर तूप, बाजूला वाटीभर सार. घोड्यांचे मालक आणि घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार एकाच पंगतीत बसत.

पहिला मांडा मात्र ठरलेला होता. तो जानरावांचा. जानराव साखरखेर्ड्याच्या एका बागायतदाराच्या घोडीचे मोतद्दार. शर्यतीआधी त्यांना घोडीपाशी परत जायचं असे, म्हणून त्यांना आधी वाढत. माणूस अबोल. जेवून उठताना एवढंच म्हणत, "जमला." सत्यभामाबाई वर्षभर त्या एका शब्दाची वाट पाहत. खरं सांगतो, मीही पाहत असे.

चार वर्षांपूर्वी हर्षल आला. मैदानाशेजारचं शेत त्याच्या वडिलांचं. लहानपणी तो आमच्या चुलीपाशीच बसलेला असे. आता पुण्याला हॉटेलचं शिकून आला होता. हल्ली शर्यती पाहायला सहली येतात, त्या पाहुण्यांना चांगलं जेवायला काही मिळत नाही, असं तो सांगू लागला. त्याला पांढरा मांडव घालून फाइन डायनिंग सुरू करायचं होतं. सत्यभामाबाईंना तो शब्द कळला नाही. त्यांनी एकच विचारलं, जानरावांसारखी नेहमीची माणसं जेवतील ना?

"काकू, खानावळ तुमचीच. फक्त मांडव माझा," तो म्हणाला.

त्यांनी खानावळीला कुलूप लावलं आणि मला घेऊन मांडवात गेल्या.

चूल मांडवाच्या मागे, पडद्याआड. समोर पाहुणे मांडीवर पांढरे रुमाल पसरून बसलेले. पहिला मांडा माझ्यावरून उतरला तसा एका आचाऱ्याने तो फळीवर पसरला आणि वाटी दाबून त्याच्या चकत्या पाडल्या. चार चार बोटांच्या. परातीएवढ्या ताटलीत तीन चकत्या, वर तुपाचा ठिपका. उरलेल्या कडा एका टबात. सत्यभामाबाई बघतच राहिल्या. पाहुणे बेताचं खातात, असं हर्षलने समजावलं. पडद्यापलीकडे एका बाईने विचारलं, हे कुणी केलं? आमच्या शेफची खास पाककृती, असं उत्तर त्याने दिलं. सत्यभामाबाईंनी ते ऐकलं आणि पुढचा गोळा हातावर घेतला.

दुपारी जानराव आले. दारावरच्या माणसाने त्यांना आत सोडलं नाही. ते घोडीला घेऊन मागच्या कुंपणापाशी येऊन उभे राहिले. सत्यभामाबाईंचा चेहरा उजळला. ताजा मांडा ताटात घेऊन त्या उठल्या, तोच हर्षल आला.

"काकू, पाहुण्यांना कमी पडतील. टबातलं द्या ना त्यांना."

मित्रांनो, तेव्हा त्या नाही म्हणू शकत होत्या. पण त्याच्यामागे दोन पाहुणे उभे होते. भीड वाईट असते. सत्यभामाबाईंनी मांडा परत ठेवला, टबातल्या कडा ताटात भरल्या आणि कुंपणापाशी नेल्या.

जानरावांनी ताट घेतलं. क्षणभर पाहिलं. मग घोडीच्या तोंडापुढे धरलं. तिने चाटूनपुसून खाल्लं.

"घोडीले चालते हे, बाई," ताट परत देत ते म्हणाले. "मले नाई चालत."

ते गेले. मागून मैदान दिसत नव्हतं, त्यामुळे त्यांची घोडी कशी धावली ते मला ठाऊक नाही.

सत्यभामाबाईंनी त्या दिवसाचे सगळे मांडे पुरे केले. मग हात धुतले आणि उद्यापासून येत नाही म्हणून सांगितलं. हर्षलने कारण विचारलं. "तुह्या टबासाठी मी मांडे नाई करत," एवढंच बोलून त्या निघून गेल्या. मी तिथेच राहिलो.

पुढच्या वर्षी शहरातला आचारी आला. त्याने मला गॅसवर चढवलं. मांडे जाड आले, आणि दुसऱ्याच दिवशी मला कडेपासून मधोमध तडा गेला. तेव्हापासून मांडवाच्या दारात 'ग्रामीण वारसा' अशी पाटी लावून मला मांडलं आहे. लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. साखरखेर्ड्याची घोडी अजून येते. तिच्यासोबत दुसराच माणूस असतो.

यंदा सत्यभामाबाई आल्या. खानावळ त्यांनी पुन्हा उघडली नाही. हर्षल ओशाळला होता. काकू, तुमचं खापर घेऊन जा, म्हणाला. त्यांनी माझ्या तड्यावरून बोट फिरवलं.

"राहू दे. याचा काय दोष? तुहाही नाई," त्या म्हणाल्या. "ताट माह्याच हातात होतं."

आणि मला तिथेच ठेवून त्या गेल्या.

मित्रांनो, मला जपा असं मी सांगणार नाही. तडा गेलेली माती जपून काय होणार? पण कुठे छान जेवायला बसलात, तर एकदा उठून मागच्या बाजूला जा. कुंपणापाशी कोण उभं आहे, त्याच्या ताटात काय आहे, ते पाहून या. जेवण कसं होतं, ते त्यानंतर सांगा.